कोरडी सुई

मी कविता लिहिणारा माणूस, वैद्यकातला नव्हे. तरी आज एका उपचाराविषयी बोलणार आहे. तो माझ्या घरात झाला आणि कर्जतच्या बाजारात त्याबद्दल मला अजून विचारतात.

माझी धाकटी बहीण गोधड्या शिवायची. २०११ साली गोदड महाराजांच्या रथयात्रेच्या गर्दीत तिचे पाय अडखळले. पुढं ते जड झाले, मग लाकडासारखे ताठ. कुणी वारं म्हणालं, कुणी लकवा, कुणी नजर. दोन वर्षं ताकदीची इंजेक्शनं झाली, दर्ग्यातला धागाही झाला. अखेर पुण्यात एमआरआय काढल्यावर नाव कळलं : मल्टिपल स्क्लेरोसिस.

या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. विजेच्या तारेवरचं प्लास्टिक जावं तसं. स्नायूला 'आवळ' सांगणारी यंत्रणा चालू राहते, पण 'आता सोड' हा वरून येणारा निरोप नीट पोचत नाही. पाय ताठतो. रात्री पोटरीत गोळे येतात. तिची टाच जमिनीला टेकेना, गुडघे वाकेनात. शिवायला बसणं गेलं, सजदाही गेला. बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी पाय सैल व्हायचा, पण झोप यायची आणि उभं राहताना पायच मुडपायचा. तेव्हा समजलं, थोडा ताठरपणा तिला उभंही ठेवत होता!

मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी ड्राय नीडलिंग सुचवलं. कोरडी अशासाठी, की सुईतून औषध जात नाही. सुई भरीव, इंजेक्शनच्या सुईहून बारीक. स्नायूंच्या दुखऱ्या गाठींत औषध टोचण्याची पद्धत अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी रुजवली. १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल लेविट यांनी दाखवलं, की नुसत्या सुईनंही दुखणं उतरतं. ताठरपणासाठी तिचा वापर नंतरचा, त्यातही पक्षाघाताच्या रुग्णांवर अधिक. आमच्या आजारावरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. सुई ॲक्युपंक्चरसारखीच दिसते, पण विचार वेगळा.

टेबलावर पालथी झोपताना बहीण म्हणाली, "भाई, आजवर मी टोचत होते, आता माझी पाळी." पोटरीत सुई गेली आणि स्नायू एकदम उडाला. ती ओरडली, मी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं बाईंनी पाऊल वर दाबलं, तर ते आदल्या दिवसापेक्षा बरंच वाकलं. त्या संध्याकाळी टाच टेकली. घरी आम्ही शिरखुर्मा केला, ईद नसताना.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाय पुन्हा आवळू लागला. मी चिडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोकळ्या दिवसांत ताण देण्याचे व्यायाम केले का?" नव्हते केले, आम्ही शिरखुर्मा खाल्ला होता. सुई स्नायूपुरती, आजार वर, मेंदूत आणि मज्जारज्जूत. त्याची औषधं न्यूरॉलॉजिस्टची, वेगळी. सुईनं मिळालेले दिवस पाय ताणण्यात आणि चालण्यात घालवायचे, हा खरा उपचार. पुढच्या खेपांना आम्ही तसं केलं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं. छातीजवळ सुई चुकली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून शिकलेल्याच हातात जावं. आणि पाय अचानक जास्त ताठला तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, एखादी जखम पाहावी. आम्ही एकदा सुईसाठी पुण्याला धावलो, कारण निघालं लघवीचं. कर्जतचा उन्हाळा तर या रुग्णांचा वैरीच. मे महिन्यात ती दुपारभर मानेवर ओला पंचा घेऊन माठाशेजारी बसते.

मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया अशा रुग्णांसाठी काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजारही आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. आमचा तिसऱ्या खेपेला लागला.

नमाज ती खुर्चीवर पढते. जमिनीवर बसणं जमलेलं नाही. पण परवा तिनं टेबलावर जुनी लुगडी पसरली आणि मला सुईत दोरा ओवायला लावला. चार ओळी टाके घातले, मग म्हणाली, "पुरे आज. पाय ताणायची वेळ झाली."