डबा न लपवता खजिन्याचा शोध

2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. लपवलेला डबा जीपीएसने शोधायच्या जिओकॅशिंग या खेळाची सुरुवात ती. पालघरात संध्याकाळी कुटुंबाने, मित्रमंडळींनी हा खेळ जरूर खेळावा, मात्र डबा न लपवता. कारण उघड आहे. तारापूरला 1969पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरला रसायनांचे कारखाने. अशा ठिकाणी बेवारस डबा दिसला तर पोलिसांनाच फोन जाणार, आणि तो जायलाच हवा!

डब्याशिवाय मजा काय, असे कुणी म्हणेल. पण मोबाइलचे जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवते; शेवटचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो. मग डब्याऐवजी प्रश्न ठेवा. 1739च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेल्या शिरगावच्या किल्ल्याला बुरूज किती? उत्तर जागेवर गेल्याशिवाय मिळत नाही, आणि किल्ल्याचा एक दगडही हलत नाही. अंधाराची भीती मात्र खरी. म्हणून किल्ला उजेडात उरका, केळव्याच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ आधी पाहून जा आणि शेवटचा प्रश्न गावातल्या दिव्याखालचा ठेवा.