लग्नाचा झगा, त्याच्या बाह्या आणि आपली ऐपत
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला-मेळाव्यात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हास आज्ञा झाली, तेव्हा एखादा उच्च आध्यात्मिक विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु ज्या घरी येत्या वर्षात लग्नकार्य आहे, त्या घरी आज रात्री निजण्यापूर्वी ज्या गोष्टीची चर्चा होणार, ती म्हणजे नवरीचा झगा. यास्तव तोच विषय आम्ही घेतला आहे. विषय कापडाचा दिसतो खरा. तथापि त्यात मर्यादा, कर्ज आणि परस्परांविषयीची प्रीती अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत.

आईची तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. ती म्हणते, "देवळात शोभेल असा बाह्यांचा झगा कोठे मिळतच नाही, आणि मिळाला तर आपल्याला झेपत नाही." तक्रार खोटी नाही. तयार झगे कारखान्यात शेकड्यांनी शिवले जातात. ज्या झग्याला खांदा नाही व बाही नाही, आणि ज्याची पाठ नाड्यांनी आवळता येते, तो दोन-तीन निरनिराळ्या बांध्यांच्या मुलींना बसू शकतो. बाही लावली की खांद्याचे, मुंढ्याचे आणि दंडाचे माप जुळवावे लागते. मग एकीचा झगा दुसरीस सहज होत नाही. दुकानात बाह्यांचे झगे कमी दिसतात, याचे एक मोठे कारण कारखान्याची ही सोय आहे. ती सोय हीच नवी रीत असे समजून आपण निमूटपणे मान तुकवावी, याचे काय कारण?

कोणी म्हणेल, पांढरा झगा तर आपल्या धर्माचाच आहे. बंधुभगिनींनो, पांढरे वस्त्र स्नानसंस्काराच्या वेळी आपणा सर्वांस मिळाले आहे, आणि त्याचा अर्थ मोठा आहे. परंतु नवरीने पांढरा झगाच घालावा अशी आज्ञा ख्रिस्तसभेने कधी केली नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 10 फेब्रुवारी 1840 रोजी पांढऱ्या साटिनीचा झगा घालून लग्न केले, त्यानंतर ही चाल मोठ्या घरांतून हळूहळू सर्वत्र पसरली. त्या झग्यावरील हाताने विणलेली जाळी राणीने टाकून दिली नाही. पुढे उतारवयातही ती अंगावर मिरवली. राणीने जे जपून पुन्हा वापरले, ते एकदाच घालून पेटीत कोंडण्याकरिता आपण कर्ज काढावे काय? आणि वसईकडील आपल्या पुष्कळ आज्या-पणज्या तर लाल लुगडे व बाह्यांची चोळी या वेषात वेदीपुढे उभ्या राहिल्या. त्यांचे लग्न काही कमी पवित्र झाले नाही. 1983 च्या धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे विवाहास अधिकारी धर्मसेवक व दोन साक्षीदार यांच्यासमक्ष वधूवरांची संमती लागते. वस्त्राच्या किमतीचा त्यात उल्लेख नाही.

मर्यादेविषयी ख्रिस्तसभा मात्र बोललेली आहे. अकरावे पायस हे पोप असताना 12 जानेवारी 1930 रोजी रोमहून निघालेल्या पत्रात धर्मगुरू, आईबाप व शाळा चालविणाऱ्या भगिनी यांस या कामी सावध केले होते. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने तोच विचार अधिक सौम्यपणे मांडला आहे: मर्यादेची रूपे देशोदेशी निराळी असतात, परंतु मनुष्याचा मान राखणे हे तिचे मूळ सर्वत्र एकच आहे. म्हणून आम्ही येथे फूटपट्टी घेऊन आलो नाही. ज्या वेषात गुडघे टेकताना, वडिलांच्या पाया पडताना व ख्रिस्तशरीर स्वीकारताना झगा वर ओढण्याकडे नवरीचे लक्ष जात नाही, तो वेष मर्यादेचा, एवढी एकच खूण आम्ही सांगतो.

आता उपाय. पहिला उपाय वाराने कापड घेऊन शिवून घेण्याचा. मुंबईच्या मंगळदास मार्केटासारख्या ठिकाणी साटीन, नेट व जाळी सुटी मिळते. कापडाचा पन्हा 44 इंच असेल, तर मनगटापर्यंतच्या साध्या दोन बाह्यांस सुमारे पाऊण मीटर कापड पुरते. सर्व झग्याच्या घेरापुढे हा खर्च तो काय! उकाड्याचे भय असेल, तर बाही नुसत्या जाळीची ठेवावी आणि अस्तर कोपरापर्यंतच द्यावे. शिंप्यास मुंढा सैल ठेवावयास सांगू नये. मुंढा काखेजवळ वर असेल तर हात मोकळा उचलतो. तो खाली उतरला की हाताबरोबर सगळा झगा वर चढतो. माप पाहताना मुलीस हात वर करावयास, बसावयास व गुडघे टेकावयास लावावे. आणखी एक गोष्ट, प्रायश्चित्तकाळ टाळून आपली लग्ने नाताळानंतर व ईस्टरनंतर दाटीने येतात. त्या दिवसांत शिंप्याच्या हाताला उसंत नसते, यास्तव कापड तीन-चार महिने आधी द्यावे. उशीर झाला म्हणजेच तयार झग्याची पाळी येते.

दुसरा उपाय, तयार वा भाड्याच्या झग्याचा. विकत घेतलेला झगा उंचीप्रमाणे खालून कापावा लागला, तर तो तुकडा टाकू नये. त्यातून खांद्याच्या पट्ट्या व आखूड बाह्या निघू शकतात. भाड्याच्या झग्यास मात्र कात्री लावता येत नाही. त्यावर जाळीचे एक आखूड, बाह्यांचे जाकीट निराळे शिवावे. झगा परत गेला तरी जाकीट घरी राहते, आणि धाकट्या बहिणीच्या कामी येते.

आता करवल्यांकडे वळू, आणि येथे आम्हास आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका घरी लग्न होते. चार करवल्यांनी एकाच दुकानातील, एकाच नमुन्याचे झगे ज्याचे त्याने विकत घ्यावे असे ठरले, आणि ते ठरविणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यांपैकी एका मुलीने परीक्षेचे निमित्त सांगून अंग काढून घेतले. लग्नाच्या दिवशी ती देवळात मागच्या बाकावर बसलेली दिसली. पुष्कळ दिवसांनी तिच्या आईकडून कळले की, परीक्षा नव्हती, पैसे नव्हते. जिवलग मैत्रिणीच्या लग्नात तिला मागच्या बाकावर आमच्या हौसेने बसविले. ही गोष्ट आठवली की आजही आमची मान खाली जाते.

म्हणून आमची विनंती अशी की, करवल्यांकरिता झगा न ठरवता फक्त रंग ठरवावा. शक्य असेल तर नवरीकडच्यांनी एकाच थानातून कापड घेऊन वाटावे आणि प्रत्येकीने आपल्या मापाने व आपल्या आवडीच्या बाहीने शिवावे. साडी व कोपरापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज, अथवा पंजाबी पोशाख, यांतही काही उणेपणा नाही. जो पोशाख पुढच्या नाताळात मिस्सेला पुन्हा घालता येईल, तोच खरा स्वस्त. आणि मुलीस आमंत्रण देतानाच खर्च कोण करणार हे स्पष्ट सांगावे. संकोचाने गप्प राहिल्यास संकोच गरिबाच्याच वाट्यास जातो.

शेवटची सूचना धर्मग्रामाकरिता. 1947 साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले, तेव्हा तेथे कापडाचे रेशनिंग चालू होते. लांब बाह्यांच्या त्या झग्याकरिता त्यांसही कुपने द्यावी लागली. त्या टंचाईच्या काळात तेथील सामान्य मुलींनी एकमेकींचे झगे मागून घेऊन लग्ने केली. मग आपणास लाज कसली? महिलामंडळाने एक कपाट राखावे. ज्या भगिनीचा झगा पेटीत पिवळा पडत आहे, तिने तो धुऊन तेथे द्यावा. नवा शिवताना शिवणीत बोटभर कापड जास्त ठेवावे, म्हणजे पुढच्या मुलीस तो उसवून वाढवता येईल. कोणी कोणता झगा नेला याची वाच्यता मात्र कोणी करू नये. नाहीतर दान दिल्याचे पुण्य जिभेवाटे निघून जाईल.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा पवित्र मरियेने त्या घरची उणीव चारचौघांत बोलून दाखविली नाही. ती हळूच आपल्या पुत्राच्या कानी घातली, आणि यजमानाची लाज राखली गेली. महोत्सवाच्या या वर्षी आपण तिचे तेवढे अनुकरण केले, तर पैशापायी कोणतीही मुलगी आपल्या देवळात मागच्या बाकावर बसणार नाही. प्रभू आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.