सिंगापूरचीं फेरीवाल्यांचीं अन्नगृहें

एखाद्या उपाहारगृहांत पाऊल टाकल्याबरोबर गिऱ्हाइकाची नजर प्रथम कशाकडे जाते, हें पाहण्यासारखें असतें. मेजावरची चादर, भिंतीवरचा आरसा, वाढप्याचा पोषाख आणि त्याच्या तोंडचा 'साहेब' हा शब्द, एवढ्यावरच निम्मा निकाल लागून गेलेला असतो; ताट पुढें येतें तेव्हां उरलेला निम्मा काय तो जिभेच्या वांट्याला येतो. सिंगापूर शहरांत मात्र हीं सारीं मापें निरुपयोगी ठरतात. तेथें सामान्य माणूस रोज ज्या ठिकाणीं जेवतो, तेथें चादर नाहीं, आरसा नाहीं, वाढपी नाहीं आणि कोणी कोणाला साहेबही म्हणत नाहीं. अशा ठिकाणीं अन्नाची आणि चाकरीची परीक्षा करावी तरी कशी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नव्हे. त्या परीक्षेवर हजारों कुटुंबांचा उदरनिर्वाह अवलंबून आहे, आणि तेथील अन्नानें एकदां माणसें दगावलींही आहेत.

या अन्नगृहांचें मूळ रस्त्यावर आहे. इंग्रजांच्या अमदानींत सिंगापूरचें बंदर वाढलें तसे चीन, जावा, मलाया आणि दक्षिण भारत येथून मजूर तेथें गोळा झाले. त्यांतले बहुतेक घरदार मागें ठेवून आलेले. रांधून घालणारें कोणी नाहीं. कावडीच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला भांडीं टांगून फिरणाऱ्या फेरीवाल्यांनीं ती उणीव भरून काढली. अन्न स्वस्त होतें, गरम होतें आणि ज्याच्या त्याच्या मुलखाच्या चवीचें होतें. परंतु नळाचें पाणी नसे, एकाच बादलींत दिवसभर भांडीं बुचकळलीं जात आणि उष्टें-खरकटें गटारांत पडे. १९६५ सालीं सिंगापूर स्वतंत्र झाल्यावर १९६८-६९ मध्यें सर्व फेरीवाल्यांची नोंदणी करण्यांत आली; रस्त्यावर विकणाऱ्यांची संख्या सुमारें १८,००० भरली. १९७१ पासून सरकारनें त्यांना पाणी, वीज आणि गटारें असलेल्या पक्क्या इमारतींत गाळे देण्यास आरंभ केला, आणि १९८६ पर्यंत तें काम पुरें झालें. पुष्कळ शहरांतून फेरीवाल्यांना केवळ हुसकावून लावतात. येथें त्यांना हलविलें, पण चूल विझूं दिली नाहीं. हा फरक लहान नाहीं.

आज अशीं अन्नगृहें शंभरांहून अधिक आहेत. वर छप्पर आहे, पण बाजूंना भिंती बहुधा नाहींत. मध्यें जमिनींत पक्कीं बसविलेलीं मेजें आणि बसण्याचीं आसनें, आणि कडेनें ओळीनें लहान लहान गाळे. एकेका गाळ्यांत एक-दोन माणसें आणि पुष्कळदां एकच पदार्थ. कोणी तीस-तीस वर्षें फक्त शेवयांचा रस्सा करीत आलेला असतो, कोणी फक्त भात आणि कोंबडी. नवख्या माणसाची पहिली फजिती जागा धरतांना होते. रिकाम्या मेजावर कागदी रुमालांचें एखादें पुडकें पडलेलें दिसलें, तर तें कोणी विसरलें असें समजूं नये. ती जागा धरलेली आहे. या रिवाजाला तेथें 'चोप' म्हणतात, आणि एका क्षुद्र पुडक्याचा जो मान तेथें राखला जातो, तो आपल्याकडे आगगाडीच्या डब्यांत पसरलेल्या सतरंजीलाही मिळत नाहीं.

कॉफी मागणें हीही एक विद्याच आहे. नुसतें 'कोपी' म्हटलें कीं डब्यांतलें गोड, घट्ट दूध घातलेली कॉफी येते. 'कोपी-ओ' म्हणजे दुधावांचून, पण साखर घातलेली. 'कोपी-सी' म्हणजे आटवलेलें बिनगोड दूध आणि साखर. मागें 'कोसोंग' जोडलें कीं साखर गाळावी. या मलायी शब्दाचा अर्थच मुळीं रिकामें. 'सिऊ दाय' म्हटलें कीं साखर बेतानें. मलायी, फुकियेनी आणि कँटनी या तीन भाषा एका पेल्यांत एकत्र येतात, आणि चहाकॉफी करणारा माणूस दहा जणांच्या दहा तऱ्हा कागदावर न टिपतां ध्यानांत ठेवतो. येथें चाकरीची खरी परीक्षा सुरू होते.

चाकरी याचा अर्थ येथें गोड बोलणें असा नाहीं. गाळ्यावरची बाई प्रौढ असेल तर तिला 'आंटी' आणि पुरुषाला 'अंकल' म्हणावयाचें. आपल्याकडील मावशी आणि काका तेच हे. ही मावशी हंसत नाहीं. येथें खाणार कीं बांधून नेणार, तिखट हवें कीं नको, एवढेंच ती विचारते, आणि उत्तरास विलंब लागला तर तिच्या कपाळाला आंठी पडते. प्रवासी मंडळी त्यावरून तिला उद्धट ठरवितात. हा निर्णय घाईचा आहे. दुपारीं बारा वाजतां तिच्यापुढें तीस माणसें उभीं असतात आणि प्रत्येकाला अर्ध्या तासांत कचेरींत परतावयाचें असतें. मागितलें तेंच मिळालें काय, गरम मिळालें काय, मोड बरोबर आली काय, आणि रांगेंत आधीं उभा होता त्याला आधीं मिळालें काय, हीं चार उत्तरें होकारार्थी असलीं कीं तिची चाकरी उत्तम समजावी. बक्षिसी द्यावी लागत नाहीं. तशी चालच नाहीं. उलट थोडी चाकरी गिऱ्हाइकानेंच करावयाची असते. १ सप्टेंबर २०२१ पासून जेवून झाल्यावर आपलें ताट ठराविक जागीं नेऊन ठेवणें या अन्नगृहांतून कायद्यानें बंधनकारक झालें. मुसलमान गिऱ्हाइकांच्या हलाल भांड्यांकरितां जागा निराळी असते, आणि ती ओळखून ताट ठेवणें हा शेजारधर्म आहे.

आतां अन्नाकडे. एकच पदार्थ नीट पाहिला तरी परीक्षेची रीत कळते, आणि त्यासाठीं हैनानी कोंबडी-भात सर्वांत चांगला, कारण त्यांत लपविण्यास जागा नाहीं. हैनान बेटाहून आलेल्या चिनी लोकांनीं हा पदार्थ सिंगापुरांत रूढ केला. सबंध कोंबडी पाण्यांत शिजवितात. पण तें पाणी खदखदूं द्यावयाचें नाहीं, नुसतें निवळ तापलेलें ठेवावयाचें. नंतर ती बर्फाच्या पाण्यांत बुडवितात, तेणेंकरून कातडी आंखडून गुळगुळीत होते आणि तिच्याखालीं पातळ रसाचा थर गोठतो. तांदूळ कोंबडीच्याच चरबीवर आलें, लसूण घालून परततात, आणि कोंबडी शिजविलेल्या पाण्यांत, केवड्याच्या कुळांतलें पांदानाचें पान टाकून त्यांचा भात करितात. सोबत मिरचीची आंबट चटणी, वाटलेलें आलें आणि दाट काळा सोया.

अनभिज्ञ माणूस आधीं कोंबडीच्या तुकड्याला हात घालतो. जाणता माणूस पहिला घास नुसत्या भाताचा घेतो. शीत शीत मोकळें आहे काय, तरी कोरडें नाहीं ना, ओठांना तूप लागावें तसा स्निग्धपणा आहे पण तेलाचा ओघळ नाहीं ना, हें त्या एका घासांत समजतें. भात फसला असेल तर कोंबडी कितीही मऊ असो, आचाऱ्यानें वरवरचें काम केलें असें खुशाल समजावें. चटणीला शेवटीं हात लावावा. वाईट अन्न झांकण्याचें तिच्याइतकें सोपें साधन नाहीं.

'चार क्वे तियाव' या तांदळाच्या रुंद शेवयांची कसोटी निराळी आहे. त्या अतिशय तापलेल्या कढईंत परतल्या पाहिजेत, म्हणजे त्यांना धुराचा किंचित् करपट गंध येतो. चिनी लोक त्याला कढईचा श्वास म्हणतात. आचारी एका वेळीं एक-दोन थाळ्यांपुरतेंच परतीत असेल तर हा गंध येतो. दहा थाळ्यांचा जिन्नस एकदम कढईंत लोटला कीं कढई निवते आणि शेवया परतल्या न जातां वाफेवर शिजतात. म्हणून या गाळ्यापुढें ताटकळावें लागलें तर तो दोष नव्हे. लांब रांगेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. वर्तमानपत्रांत नांव आल्यामुळें जमलेले प्रवासीही रांगच करितात. रांगेंत शेजारपाजारच्या इमारतींतलीं वृद्ध माणसें उभीं असलीं, तर तीच खरी शिफारस.

शाकाहारी मराठी कुटुंबांनीं एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ताटांत केवळ पालेभाजी दिसते एवढ्यानें ती शाकाहारी ठरत नाहीं. ती बहुधा 'बलाचान' नांवाच्या कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्यांत परतलेली असते, किंवा तिच्यांत डुकराची चरबी असते. 'मांस नको' असें सांगून भागत नाहीं, कारण सुकी कोळंबी आणि मासळीचें पाणी यांना तेथें मांस म्हणून कोणी मोजीत नाहीं. बौद्ध पद्धतीचे शाकाहारी गाळे असतात. तेथें बहुधा कांदा-लसूणही वर्ज्य असतो. नाहींतर लिटिल इंडियांतील टेक्का बाजारांत दाक्षिणात्यांचे गाळे आहेत.

चव जिभेला कळते. स्वच्छता कळेलच असें नाहीं. म्हणून १९९७ सालीं सरकारनें प्रत्येक गाळ्यावर अक्षर टांगण्याची पद्धति सुरू केली. तपासणींत शेंकडा ८५ किंवा अधिक गुण मिळाले तर ए, ७० ते ८४ ला बी, ५० ते ६९ ला सी आणि ४० ते ४९ ला डी. पुष्कळ लोक तें अक्षर न पाहतांच खात. एप्रिल २००९ मध्यें गेलांग सेराई येथील तात्पुरत्या बाजारांत एका गाळ्यावरचें रोजक खाऊन दीडशेंच्या सुमारास लोक आजारी पडले आणि दोन स्त्रिया मरण पावल्या. कच्च्या सागरी अन्नांतले जंतु तयार पदार्थांत मिसळल्याचें निष्पन्न झालें. त्यानंतर लोकांचे डोळे त्या अक्षरांकडे वळले. परीक्षेच्या निकालाप्रमाणें एका दिवसाच्या गुणांवर सर्व भार टाकणें बरें नव्हे, हें पुढें सरकारलाही पटलें, आणि दुकानाची अनेक वर्षांची वागणूक पाहून दर्जा द्यावा असें ठरलें.

अक्षरापेक्षां अधिक गाजावाजा झाला तो ताऱ्याचा. २०१६ सालीं मिशलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेनें सिंगापूरची पहिली यादी प्रसिद्ध केली तेव्हां दोन फेरीवाल्यांना प्रत्येकीं एक तारा मिळाला. त्यांतले एक चान हाँ मेंग; त्यांची सोया-कोंबडी आणि भात सुमारें दोन डॉलरला मिळे. सारें जग चकित झालें. २०२१ मध्यें तो तारा गेला. परकी परीक्षकाच्या ताऱ्यानें एका गाळ्यापुढें तीन-तीन तास माणसें उभीं राहतात आणि शेजारचा तितकाच कसबी आचारी माश्या हांकीत बसतो, हें कांहीं न्यायाचें लक्षण नव्हे. १६ डिसेंबर २०२० रोजीं युनेस्कोनें या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. तो मान सर्वांचा होता, म्हणून अधिक शोभला.

परंतु मानानें भाडें भागत नाहीं. या सर्व परीक्षेंत गिऱ्हाईक ज्या गोष्टीबद्दल सर्वांत कठोर असतें, ती म्हणजे किंमत. चकचकीत दुकानांत शेवयांच्या एका वाडग्याला वीस डॉलर निमूटपणें मोजणारा गृहस्थ फेरीवाल्यानें पन्नास सेंट वाढविले कीं कुरकुर करितो. जुन्या फेरीवाल्यांना सवलतीचें भाडें आहे, म्हणून त्यांचें कसेंबसें जमतें. नव्याला बाजारभावानें गाळा घ्यावा लागतो, आणि तांदूळ, तेल, कोंबडी यांचे भाव कोणासाठीं थांबत नाहींत. पहांटे उठावें, दिवसभर आंचेपुढें उभें राहावें, आणि स्वतःच्या मुलांनीं हा धंदा करूं नये म्हणून त्यांना शिकवावें, अशी पुष्कळांची रीत झाली. त्यामुळें फेरीवाल्यांचें सरासरी वय साठीच्या घरांत जाऊन पोंचलें आहे.

२०२० पासून सरकारनें नव्या उमेदवारांकरितां शिक्षणाची योजना चालविली आहे. आधीं वर्गांतले धडे, मग एखाद्या मुरलेल्या फेरीवाल्याच्या हाताखालीं प्रत्यक्ष उमेदवारी. हिशोब, स्वच्छता आणि मालाची खरेदी वर्गांत शिकवितां येते. कोंबडी पाण्यांतून नेमकी केव्हां काढावी, हें मात्र त्या म्हाताऱ्याच्या शेजारीं उभें राहूनच समजतें, आणि तो म्हातारा सहसा बोलत नाहीं. चिमट्यानें ती उचलतो, मानेनें खूण करितो आणि दुसरी पाण्यांत सोडतो.