संगणकाच्या जाळ्यावरचा पहारा



जुन्नरहून घाटघरच्या वाटेने पश्चिमेला गेले, म्हणजे नाणेघाट लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. शिक्षक मंडळी तर मुलांच्या सहली तेथे नेतात. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या घाटाने वर येई आणि जुन्नरच्या पेठेत जाई. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असत, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. आता जकात आली म्हणजे नाका आला, आणि नाका आला म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळा ठेवणारा माणूस आला. त्या माणसापाशी कोणते ज्ञान असावयास हवे? एक, ठाऊक असलेल्या चोरांची वर्णने. आणि दुसरे, रोजच्या रहदारीची ओळख. कोणता तांडा कधी येतो, त्याचे बैल किती, माल कोणता.

मी इतिहासाचा अध्यापक, यंत्रज्ञ नव्हे. तेव्हा आजच्या विषयात मी या नाक्यावरूनच शिरतो. विषय आहे संगणकांच्या जाळ्यावर ठेवावयाच्या पहाऱ्याचा, आणि तो पहारा शिळा होऊ न देण्याचा.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कसले आले संगणकाचे जाळे? पण जरा आजूबाजूला पाहा. नारायणगावला टोमॅटो विकला, मंचरला बटाटा विकला, की पैसे पुष्कळदा खात्यावर येतात. उसाचे बिल बँकेत जमा होते. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारे यंत्र संगणकाला जोडलेले असते. ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेने भरावयाची मुलांची माहिती, पतसंस्थेची पिग्मी, सगळे तारेवरून नाहीतर मोबाइलच्या लहरीवरून जाते. हेच ते जाळे. नाणेघाटातून कापड आणि धान्य जाई. या वाटेने माहिती जाते, आणि तिच्या पाठोपाठ पैसा.

या वाटेवरच्या चोराला मालवेअर म्हणतात. तो माणूस नसतो. मालकाला नकळत यंत्राकडून नको ते करवून घेणारी ती आज्ञांची मालिका असते. कोणी पासवर्ड चोरतो. कोणी सगळ्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागतो. सर्वांत वाईट तो, जो आत शिरून महिनोन्‌महिने काहीच करीत नाही, नुसता पाहत बसतो.

पहाऱ्याची जुनी रीत चोराच्या वर्णनाची. प्रत्येक विषाणूच्या अंगावर काही ठराविक खुणा असतात. त्या टिपून ठेवायच्या आणि येणारी प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहायची. अँटिव्हायरस हेच काम करतो. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून 1990 च्या दशकात हा उद्योग उभा केला. क्विक हील हे नाव आपण ऐकलेच असेल. त्या काळी विषाणू फ्लॉपीवर बसून हळूहळू गावोगाव हिंडे. यादी महिन्याने बदलली तरी निभे. आज जर्मनीतील ए.व्ही.-टेस्ट ही संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक प्रोग्रॅम नोंदवीत असल्याचे सांगते. यांतले बहुतेक जुनेच चोर असतात बरे का, पण मिशी काढून, पागोटे बदलून आलेले. एकच मालवेअर प्रत्येक ठिकाणी जाताना स्वतःचे रूप बदलते, म्हणून कालची खूण आज जुळत नाही. ज्या यंत्राचा अँटिव्हायरस मागच्या दिवाळीपासून अपडेट झालेला नाही, तेथे पहारेकरी जागा आहे खरा. पण त्याच्या हातातली यादी मेलेल्या चोरांची आहे.

यादीइतकेच महत्त्वाचे भिंतीचे खिंडार. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर मालवेअरने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. विंडोजमधल्या ज्या खिंडारातून ते शिरले, ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिली होती. म्हणजे 59 दिवसांची सवड होती! ज्यांनी ती दुरुस्ती बसवली त्यांना या खिंडाराची धास्ती राहिली नाही. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबीत राहिलेल्यांची कुलपे मात्र बदलली.

पण अपडेट केले म्हणजे सुटलो, असेही समजू नका. त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्या नावाचे मालवेअर पसरले. ते युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच लपून आले होते. नेहमीच्या तांड्यातल्या नेहमीच्या गोणीतूनच चोर उतरला. तेथून ते मर्स्क या जहाज कंपनीत शिरले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. चोराचे वर्णन कोणत्याही यादीत नव्हते, आणि वाट तर विश्वासाची होती.

मग पहारेकऱ्याने काय करावे? येथे नाक्यावरच्या माणसाचे दुसरे ज्ञान उपयोगी पडते: रोजची रहदारी ओळखणे. त्यासाठी मी तुम्हाला पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीगत जरा सविस्तर सांगतो.

ही सहकारी बँक 1906 सालची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. शनिवार, 11 ऑगस्ट 2018 रोजी काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून तिचे सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. परदेशातले हे व्यवहार 12 हजारांच्या घरात होते. भारतातही बनावट कार्डांनी अडीच कोटी काढले. मधला रविवार गेला. सोमवारी, 13 तारखेला, वेगळ्याच वाटेने, बँकाबँकांमधल्या स्विफ्ट या संदेशव्यवस्थेतून, जवळजवळ 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटी 42 लाख.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा यंत्र मधल्या एका संगणकामार्फत बँकेच्या मुख्य खतावणीला विचारते, ‘या माणसाच्या खात्यात पैसे आहेत काय?’ खतावणी ‘आहेत’ म्हणाली तरच नोटा बाहेर येतात. चोरांनी मालवेअर घुसवून या वाटेवर आपला एक तोतया संगणक बसवला. प्रश्न त्याच्याकडे जाई आणि तोच परस्पर ‘आहेत, द्या’ असे उत्तर देई. मुख्य खतावणीला पत्ताच नाही! म्हणून ठेवीदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, नुकसान बँकेचे झाले, असे बँकेने सांगितले. तिजोरीला कोणी हातही लावला नाही. तिजोरी आणि खिडकी यांच्या मधला शिपाई तेवढा बदलला.

आता विचार करा. त्या मालवेअरची खूण यादीत नसेलही. पण एका पुण्याच्या बँकेची कार्डे एकाच दुपारी 28 देशांत चालतात, आणि एटीएमने दिलेल्या पैशांचा मेळ खतावणीशी बसत नाही, हे ओळखायला चोराचे नाव ठाऊक असावे लागत नाही. दोन वह्या शेजारी ठेवून तासातासाला ताडणारा कोणी हवा. आणखी एक गोष्ट. आदल्याच दिवशी, 10 ऑगस्टला, अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने बँकांना गोपनीय इशारा दिला होता, की बनावट कार्डांनी जगभर एकाच वेळी एटीएम लुटण्याचा बेत शिजतो आहे. वर्तमान निघाले होते. पण इशाऱ्याचे कागदावरून पहारेकऱ्याच्या डोळ्यांत उतरणे हे वेगळे काम आहे, आणि चोवीस तास त्याला फार थोडे. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी 11 जणांना शिक्षा दिली. ती पैसे काढण्याच्या कटातली माणसे. मालवेअरमागे उत्तर कोरियाचे हात असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने 2019 च्या अहवालात म्हटले. ते हात कोणत्या न्यायालयात यायचे?

आपल्याकडच्या बिबट्याचे असेच झाले. तो डोंगर सोडून उसात आला, उसातच पिले वाढवू लागला. जो अजून डोंगराकडेच बघत बसेल, त्याची शेळी बांधावरून जाईल. वस्तीवरच्या कुत्र्याला मात्र हे शिकवावे लागत नाही. आज काही वेगळे आहे एवढे त्याला कळते, आणि तो भुंकतो.

‘वेगळे’ कळण्यासाठी ‘रोजचे’ पाठ असावे लागते. खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या. आकाशातून येणारी क्षीण रेडिओलहर टिपण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांना भोवतालचा गोंगाट, म्हणजे मोबाइलचे मनोरे आणि विजेच्या तारांची खरखर, आधी ओळखून बाजूला काढावी लागते. जाळ्याचा पहाराही तसाच. आज बहुतेक संदेश बंद पाकिटातून, सांकेतिक लिपीत जातात. आतला मजकूर वाचता येत नाही. पण पोस्टमनला पाकीट न फोडताही पुष्कळ कळते: कोणी, कोणाला, किती वाजता, किती जाड. पतसंस्थेचा संगणक रात्री दोन वाजता परदेशी पत्त्यावर जाड पाकिटे धाडू लागला, तर विचारावयास नको काय?

यात एक अडचण आहे. कुत्रा प्रत्येक पानाच्या सळसळीला भुंकू लागला, तर घरधनी कूस बदलून झोपतो. या यंत्रांचेही तसेच होते. खोट्या हाका फार झाल्या की खरी हाक ऐकू येत नाही. शिवाय गावची राहाटी बदलते. हंगामात व्यवहार वाढतात, नवी शाखा निघते. म्हणून ‘रोजचे’ म्हणजे काय, हेही अधूनमधून नव्याने ठरवावे लागते. हे काम यंत्र विकत घेऊन संपत नाही. यंत्र विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

मोठ्या बँकांची काळजी वाहायला रिझर्व्ह बँक आहे. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 2018 मध्ये, तिने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा प्राथमिक आराखडा काढला. पण पतसंस्था तिच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत कष्टकऱ्यांची शिल्लक पुष्कळशी पतसंस्थांतच असते. लहान संस्था सॉफ्टवेअर बाहेरून घेतात आणि पहाराही त्यात आला असे समजतात. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे देवघेवीचे व्यवहार अडले. चोर एका दारात शिरला आणि तीनशे घरांना कडी लागली.

शिक्षकांसाठी दोन शब्द. शाळेतल्या संगणकावर विंडोज 7 असेल, तर त्याच्या दुरुस्त्या जानेवारी 2020 मध्ये बंद झाल्या. विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्तीही 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. असे यंत्र मुलांच्या सरावाला ठेवा, पण पगारबिले आणि मुलांचे आधार क्रमांक त्यावर ठेवू नका. ज्यात शंका वाटते त्या संगणकाची सफाई करण्याची साधने केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र फुकट देते. पैसे गेले तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हातून दूर जाते. संस्थांना तर सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावयाची असते आणि जाळ्याच्या नोंदी 180 दिवस जपावयाच्या असतात.

त्या नोंदी जपल्या जातात काय, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. लाभांश मंजूर झाला, चहा आला, की मंडळी उठू लागतात. त्याआधी एका सभासदाने उभे राहून चेअरमनसाहेबांना तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्या इतिवृत्तात लिहून घ्यावयास लावाव्यात. आपल्या संगणकांचे शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे? जाळ्याच्या नोंदी कोण वाचतो, त्याचे नाव काय? आणि तो रजेवर असला, म्हणजे कोण?