परभाषा कशी साध्य होते?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



परकीय भाषांचे अध्यापन व अध्ययन या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही भाषाशास्त्राचे पंडित नव्हेत. मॅट्रिकपर्यंत आमचे शिक्षण, आणि पुढची सारी उमेद खडू-फळ्याच्या सहवासात मुलांना इंग्रजी शिकविण्यात गेली. निवृत्तीनंतर या विषयात जगात काय संशोधन झाले आहे ते जमेल तितके वाचून काढले. त्यांतील जे आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, तेवढेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय आजच निघण्यास कारणही तसेच आहे. पूर्वी परभाषा म्हणजे इंग्रजी, एवढाच आपला समज होता. आता आपल्या ज्ञातीतील मुलेमुली जर्मन आणि जपानी शिकू लागली आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार केला. तेव्हापासून तर गल्लोगल्ली जर्मन भाषेच्या वर्गांचे फलक दिसू लागले. भाषा येणे म्हणजे अन्नाचा मार्ग मोकळा होणे, असे दिवस आले आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय.

तथापि या आनंदाला एक दुखरी बाजू आहे. आमच्या माहितीतील एका घरी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केलेल्या कन्येसाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या आणि ‘तीन महिन्यांत जर्मन’ अशी हमी देणाऱ्या एका वर्गात तिचे नाव घातले. मुलगी परीक्षेत अनुत्तीर्ण झाली. “माझ्या डोक्यात भाषा शिरतच नाही,” असे ती आम्हांस डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. तिच्या वह्या आम्ही चाळल्या. सुवाच्य अक्षरात विभक्तीचे तक्ते आणि शब्दांच्या याद्या यांनी त्या भरलेल्या होत्या. पण तीन महिन्यांत जर्मन भाषेतले एखादे साधे संभाषण तिला ऐकविले गेले नव्हते, की दहा वाक्ये स्वतःची म्हणून बोलावयास लावली नव्हती. दोष त्या मुलीच्या डोक्याचा खास नव्हता.

प्रथम हिशेब पाहू. जर्मनीची ग्यॉटे संस्था, जिला आपल्याकडे मॅक्समुल्लर भवन म्हणतात, तिच्या अंदाजाप्रमाणे ‘बी-२’ या पातळीस पोचण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. परिचारिकेला जर्मनीत आपला व्यवसाय करण्यासाठी सामान्यतः हीच पातळी मागतात. कमीतकमी ६०० तासिका धरल्या तरी तीन महिन्यांत त्या उरकावयाच्या म्हणजे रविवारचीही सुट्टी न घेता रोज पाच तास झाले. घरचा अभ्यास वेगळाच. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविते. इंग्रजी जाणणाऱ्या माणसास स्पॅनिश शिकण्यास सुमारे ६०० ते ७५० तास आणि जपानी शिकण्यास सुमारे २,२०० तास लागतात, असा त्यांचा अनुभव आहे. आणि हे अधिकारी पगारी, निवडलेले, दुसरे कोणतेही काम अंगावर नसलेले! तेव्हा तीन महिन्यांची हमी ऐकली की पैसे देण्यापूर्वी तासांचा हिशेब मागावा, हे आमचे पहिले सांगणे.

आता पद्धतींविषयी. भाषा शिकविण्याच्या पद्धतींचा इतिहास मोठा रंजक आहे. युरोपात लॅटिन ज्या रीतीने शिकवीत, म्हणजे नियम पाठ करावयाचा, शब्द पाठ करावयाचे आणि वाक्यांचे भाषांतर करावयाचे, तीच रीत पुढे जिवंत भाषांनाही लावण्यात आली. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, ती याच घराण्यातली. या पद्धतीने वाचन पक्के होई. जीभ मात्र अडखळे.

तिच्याविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंड झाले. १८८२ साली जर्मनीत फिएटर नावाच्या विद्वानाने भाषाशिक्षणाने तोंड फिरविलेच पाहिजे, अशा आशयाची पुस्तिका काढली. त्याच्या चार वर्षे आधी अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी बर्लित्झ नावाच्या शिक्षकाने शाळा काढली होती. त्याने फ्रेंच शिकविण्यास मदतनीस नेमला, त्यास इंग्रजीचा गंध नव्हता. आणि बर्लित्झ स्वतः आजारी पडला. काही आठवड्यांनी तो परतला तो विद्यार्थी मजेत फ्रेंच बोलत आहेत, अशी हकीकत सांगतात. वस्तू दाखवावी, कृती करावी आणि मातृभाषेचा शब्द न उच्चारता शिकवावे, ही ‘प्रत्यक्ष पद्धती’ अशी रूढ झाली.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेने आपल्या सैनिकांना परभाषा शिकविण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून व त्या काळच्या मानसशास्त्रातून वाक्यांचे साचे शेकडो वेळा म्हणून घेण्याची कवायत-पद्धती निघाली. भाषा म्हणजे केवळ सवय, असे तिचे तत्त्व होते. १९५९ साली चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या ग्रंथाचे परीक्षण लिहून या तत्त्वाचा पायाच हलविला. कधीही न ऐकलेले वाक्य लहान मूल बोलते, ते सवयीने कसे बोलेल, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

आपल्या देशानेही या विद्येत मोलाची भर घातली आहे, हे अनेकांस ठाऊक नसते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभु यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांतून एक प्रयोग केला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. व्याकरण न शिकविता मुलांपुढे कामे ठेवावयाची. आगगाडीचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी धरावी ते सांगा, नकाशा पाहून रस्ता शोधा, अशी. मुलांचे लक्ष कामात गुंतावे आणि भाषा त्या ओघात मुरावी, ही त्यातली कल्पना. याच प्रभूंनी १९९० साली एका लेखात सर्वोत्तम अशी कोणतीही एक पद्धती नसते, असे प्रतिपादन केले. शिक्षकाला आपल्या शिकविण्याचे मर्म उमगलेले आहे की तो यंत्रवत् पाट्या टाकीत आहे, यावर सारे अवलंबून असते, असा त्यांचा अभिप्राय. आमच्या अल्प अनुभवाने आम्हांस तो पूर्णपणे पटतो.

मग पद्धतींचा वाद बाजूस ठेवून संशोधनाने काही निश्चित सांगितले आहे की नाही? आमच्या मते चार गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, भाषा अर्थासह भरपूर ऐकल्या-वाचल्याविना येत नाही. पण नुसते ऐकूनही ती पुरी येत नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी १९६५ पासून इंग्रजीभाषी मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा शाळांतील मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागली, पण बोलण्या-लिहिण्यात उणिवा राहिल्या. मेरिल स्वेन या विदुषीने १९८५ साली त्याचे कारण दाखविले: स्वतः वाक्य घडवावे लागले, म्हणजेच आपल्याला काय येत नाही ते कळते.

दुसरी गोष्ट स्मरणाची. १८८५ साली एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले प्रथम झपाट्याने विसरते, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. १९९३ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील बाहरिक कुटुंबाचा प्रयोग तर आम्हांस विशेष हृद्य वाटतो. एकाच घरातील चौघांनी परभाषेतील तीनशे शब्दांची उजळणी स्वतःवरच करून पाहिली. छप्पन्न दिवसांच्या अंतराने केलेल्या तेरा उजळण्यांनी जितके लक्षात राहिले, तितकेच लक्षात ठेवण्यास चौदा दिवसांच्या अंतराने सव्वीस उजळण्या लागल्या! निम्म्या श्रमात तेच फळ. आपल्या घरांतून दिवेलागणीस परवचा म्हणत, तीत नियमित उजळणीचे हे मर्म होतेच. मात्र उजळणी म्हणजे पुस्तकावरून नजर फिरविणे नव्हे. पुस्तक मिटून आठविणे होय. आठविण्याच्या कष्टानेच आठवण पक्की होते, हे २००६ सालच्या रोडिगर व कार्पिकी यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

तिसरी गोष्ट चुकांची. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी लिहिले की, शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे आळशीपणा नव्हे; त्याच्या मनात भाषेचे नियम कसे घडत आहेत, त्याच्या त्या खुणा होत. आपले मूल मराठी बोलू लागले तेव्हा त्याच्या बोबड्या शब्दांवर आपण त्याला रागे भरलो नाही. मग तेच मूल परभाषेत चुकले, तर चारचौघांत त्याचे हसे का करावे? हसे झालेले मूल बोलावयाचे थांबते, आणि बोलावयाचे थांबले की शिकावयाचे थांबते.

चौथी गोष्ट वयाची. लवकर सुरू केले म्हणजे सारे साधले, या समजुतीने आपण तीन वर्षांच्या बालकांवर इंग्रजी लादतो. बार्सिलोना येथील संशोधनात आठव्या व अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या शाळकरी मुलांची सारख्याच तासांनंतर तुलना केली, तेव्हा उशिरा सुरू केलेली मुलेच पुढे आढळली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या अभ्यासाने असे अनुमान काढले की, व्याकरण आत्मसात करण्याची शक्ती साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते व नंतर उतरणीस लागते. ती उतरणीस लागते, नाहीशी होत नाही. म्हणून पाचव्या वर्षाची घाई नको, आणि पंचविसाव्या वर्षी निराशाही नको.

येथे मातृभाषेविषयी बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. परभाषा यावी म्हणून घरातून मराठी हद्दपार करणारी कुटुंबे आज दिसतात. वास्तविक मराठी ही परभाषेच्या वाटेतली धोंड नसून शिदोरी आहे. जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत. इंग्रजी माणूस त्याने गांगरून जातो. आपल्याला तो, ती, ते यांत नवल ते काय? जर्मनमध्ये मुलीसाठी ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून कोणी हसेल. पण आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की! अर्थात सूर्य तेथे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. तेवढे नव्याने शिकावे लागेल. जपानीचे तर विचारूच नका. ‘मी पाणी पितो’ हे जपानीत ‘वाताशी वा मिझू ओ नोमिमासु’. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. आपण पुण्याहून म्हणतो, ते ‘पुणे कारा’ म्हणतात. प्रत्ययासारखा शब्द नामाच्या मागाहून, अगदी आपल्या रीतीने. ज्याची मराठी पक्की, त्याला हे साम्य दिसते. ज्याची कच्ची, त्याला दोन्हीकडे अंधार.

आता शेवटी आपल्या संस्थेस आमची नम्र विनंती. शिक्षणनिधीतून भाषेच्या वर्गांसाठी साहाय्य देण्याचा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे. साहाय्य अवश्य द्यावे. परंतु ते देण्यापूर्वी त्या वर्गात एकूण तासिका किती, एका तुकडीत विद्यार्थी किती, आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष बोलावयास किती वेळ मिळतो, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. दुसरे असे की, संस्थेचे सभागृह आठवड्यातून बहुतेक दिवस कुलूपबंद असते. रविवारी सकाळी दोन तास तेथे भाषा-अभ्यासमंडळ भरवावे. पुढे गेलेल्यांनी मागच्यांना शिकवावे, एकमेकांशी त्याच भाषेत बोलावे, मागील महिन्याचे शब्द पुस्तक मिटून आठवावेत. वर सांगितलेली कन्या आता रोज दीड तास नेमाने अभ्यास करीत आहे. तिला उणीव आहे ती बोलावयास सोबत्याची. तिच्यासारखे आणखी पाचसहा जण आपल्या ज्ञातीत सहज निघतील.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एकच सांगणे. आपल्याला ती भाषा येत नसली तरी हरकत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला जवळ बसवून, “आज शिकलेले मला मराठीत समजावून सांग, आणि मग त्यांच्या भाषेत म्हणून दाखव,” एवढे म्हणावे. त्याला पंधरा मिनिटे पुरतात आणि एक पैसाही पडत नाही. पाटल्या गहाण ठेवण्यापूर्वी ही पंधरा मिनिटे द्यावीत, अशी प्रार्थना आहे.