तारीख न सांगता बंद होणारं थर्मल



परळीच्या औष्णिक वीज केंद्रावर तुमच्या कन्नड गावात बोलायचं कारण पाण्याचं आहे. तुमची शिवना नदी गोदावरीला मिळते. ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात साठतं, तिथून उजव्या कालव्यानं माजलगाव धरणात जातं. खडका बंधारा आटला की परळीचं थर्मल या माजलगावकडेच बघतं. म्हणजे त्या थर्मलच्या चिमण्यांशी तुमचं नातं तुम्हाला वाटतं त्याहून जवळचं आहे.

परळीचा पहिला संच १९७१ चा, अवघ्या ३० मेगावॅटचा. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. मुहूर्त काढणाऱ्याला दाद द्यायला हवी! मग १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले आणि २००७ पासून पुढे २५० चे तीन. कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेनं आणता येतो. पाण्याचं तसं नाही. वाफ थंड करायला पाणी लागतं, राख वाहून न्यायला पाणी लागतं. केंद्र सरकारनं २०१५ साली जुन्या केंद्रांना मर्यादा घातली ती युनिटमागे साडेतीन लिटरची. आकडा किरकोळ वाटतो. पण २५० चा एक संच पूर्ण भारानं दिवसभर चालला तर ६० लाख युनिट होतात. म्हणजे दिवसाला दोन कोटी लिटरच्या वर पाणी, आणि हे एका संचाचं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हायचं ते झालं. तेव्हाचं ११३० मेगावॅटचं केंद्र पाण्यावाचून ठप्प. २०१५ मध्ये पुन्हा तेच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच दुष्काळातली ही गोष्ट.

पाऊस झाला, पण तोवर दुसरं संकट येऊन बसलं होतं. वीज घेताना स्वस्त ती आधी, महाग ती शेवटी, असा क्रम लागतो. त्याला मेरिट ऑर्डर म्हणतात. कोळसा लांबून आणायचा आणि संच जुने, म्हणून परळी त्या रांगेत मागे. संच ठीक असला तरी निरोप यायचा, बंद ठेवा. असं करता करता २१० चे संच यादीतून गेले. आज राज्याच्या महानिर्मिती कंपनीच्या यादीत परळीचे २५० चेच तीन संच दिसतात.

माझी तक्रार बंद होण्याबद्दल नाही. तीस-पस्तीस वर्षं राबलेला संच कधीतरी थांबायचाच. तक्रार आहे ती गावाला वेळेवर तारीख न सांगण्याबद्दल. कायम कर्मचाऱ्याची बदली होते, त्याला निवृत्तीचे पैसे मिळतात. कंत्राटी कामगाराला फक्त उद्यापासून येऊ नको एवढंच कळतं. चहाची टपरी, ट्रक, भाड्याची खोली यांना तेवढंही कोणी कळवत नाही. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. तिच्यावर परळीत वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, तिच्या वाहतुकीचा धंदा उभा राहिला. संच थांबला की राखेचा हा धंदाही आटतो, तळ्यात साठलेली जुनी राख मात्र गावातच राहते.

सौरऊर्जा येतेय, चांगलंच आहे. गौताळा अभयारण्याच्या कडेला रात्रीच्या लाईटला अद्रकीला पाणी धरणाऱ्या माणसाला बिबट्याची भीती काय असते ते मी सांगायला नको. सौरऊर्जेमुळे दिवसा थ्री फेज मिळाली तर तो दुवा देईल. पण महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला तो साक्रीत, धुळे जिल्ह्यात. परळीत गेलेला रोजगार साक्रीत उगवत नाही. शिवाय सौर पॅनेल पुसायला माणसं लागतात, ती फार थोडी.

म्हणून उरलेल्या तिन्ही संचांची तारीख दहा वर्षं आधी जाहीर करा, एवढंच मागणं. आणि सोबत हेही जाहीर करा, की थर्मलसाठी राखलेलं गोदावरीचं पाणी त्या दिवसापासून कोणाच्या नावावर लागणार: परळीच्या नळाला, माजलगावच्या उसाला, की नव्या कुठल्या कारखान्याला? कन्नडकरांनीही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पाणी वरून येतं ते इथूनही.