हात झटकून भागत नाही

आजचा एपिसोड मी टाइप केलेला नाही, फोनसमोर बोलून लिहिलाय. का, ते सांगते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या धावपळीत उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. रात्री तीनला जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं, पुन्हा झोप. वाटायचं, हातावर झोपले असेन. ऑफिसात अवाक्षर काढलं नाही. अप्रेझल तोंडावर होतं ना! बाम चोळायचा, पेनकिलर घ्यायची, पुढचं तिकीट उचलायचं.

दिवाळीला साताऱ्याला घरी गेले. चकल्या पाडायला बसले आणि सोऱ्या पिळताना हातातला जोरच गेला. पहिल्याच चकलीला. आई म्हणाली, "अगं, कधीपासून आहे हे?" "चार महिने," असं मोठ्यानं म्हणताना माझीच मला लाज वाटली.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात?" नाही. मग त्यांनी समजावलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 दोऱ्या, म्हणजे टेंडन, आणि एक नस जाते: मीडियन नर्व्ह. जागा कमी पडली की नस दबते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू तिच्याकडे. करंगळीची नस वेगळी. याला म्हणतात कार्पल टनेल सिंड्रोम. झोपेत मनगट वाकतं, म्हणून रात्री त्रास जास्त. नसेची टेस्ट झाली. थायरॉइड आणि शुगरही तपासली, कारण दोष दरवेळी कीबोर्डचाच असतो असं नाही.

मग काय केलं? सहा आठवडे रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावला. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला, कीबोर्ड आणि माऊस वेगळे घेतले. लॅपटॉपची गोची हीच आहे: स्क्रीन वर घेतली तर हात अवघडतात, खाली ठेवली तर मान. कीबोर्डचे मागचे पाय मिटवले, म्हणजे मनगट वर वाकत नाही. माऊस जवळ, कोपर अंगाशी. अर्ध्या तासानं उठायचंच.

सगळ्यात अवघड होतं मॅनेजरला सांगणं. तो क्षणभर गप्प बसला. मग महिनाभर मला कोड रिव्ह्यू जास्त दिले, टायपिंग कमी. अप्रेझल साधारणच आलं, खोटं कशाला बोलू? पण यंदाच्या दिवाळीत चकल्या मीच पाडल्या. रिलीज जवळ आली की अजून कधीतरी मुंग्या येतात. फरक एवढाच, आता मी त्याच दिवशी थांबते.

तुमच्याही हाताला वरचेवर मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पकड ढिली झाली, हातातून कप निसटायला लागला, तर अजिबात थांबू नका. नस फार दिवस दबून राहिली तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. यूट्यूबवरचे व्यायाम बघून स्वतःच डॉक्टर होऊ नका. मीही डॉक्टर नाहीये, फक्त चार महिने उशीर केलेली मुलगी आहे.

चला, एपिसोड संपला. लगेच रील्स उघडू नका. फोन खाली ठेवा, हात जरा मोकळे सोडा. भेटू पुढच्या भागात!